कुलपाआडचा हिवाळा

मटार आला. सकाळी चेरीतालच्या बाजारात धुकं अजून उठलेलं नसतं, दुकानांची शटरं अर्धी वर असतात, आणि हातगाड्यांवर ओले हिरवे ढीग लागलेले असतात. आमच्या जबलपूरला हिवाळा थंडीने येत नाही, मटाराने येतो; स्वेटर मागाहून निघतात. गाडीवाला मला पाहिलं की स्वतःच एक शेंग फोडून पुढे करतो. "खा के देखो दीदी, शक्कर है शक्कर." मी खाते, नाक मुरडते आणि पिशवीभर घेते. एकट्या बाईला एवढा मटार कशाला लागतो, हे त्याने कधी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारत नाही.

घरी येऊन गॅलरीतल्या उन्हात वर्तमानपत्र पसरते आणि सोलायला बसते. शेंगेच्या पाठीवर अंगठा दाबला की हलकासा आवाज होतो, कच्चा गोडसर वास येतो, नखांत हिरवं साचायला लागतं. बस्स, एवढं पुरतं. काही वर्षांपूर्वीचा तो हिवाळा माझ्याभोवती पुन्हा दार लावून घेतो. त्या हिवाळ्यात घरात आबा होते, माझे वडील. माझी नोकरी होती. माझ्या पोटात खडे होते. आणि आमच्या दाराला बाहेरून कुलूप होतं.

आबा रेल्वेत तिकीट खिडकीवर होते. आम्ही मूळचे वर्धेकडचे. आजोबा नोकरीपायी इकडे आले आणि परत जायचं राहून गेलं. त्यामुळे उंबऱ्याच्या आत मराठी आणि बाहेर हिंदी असा आमचा संसार. आई जाऊन बराच काळ लोटला होता. धाकटा भाऊ सतीश पुण्यात, बायकोमुलांसह. मी लग्न केलं नाही. का केलं नाही हा वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि तो लेख मी लिहिणार नाही.

आबांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. उजवा पाय ओढत, काठी टेकत घरातल्या घरात फिरत. जीभ जराशी जड झाली, डोकं मात्र लख्ख. घर वरच्या मजल्यावर, आणि जिना दोन भिंतींमधून चढणारा, अरुंद, उभा. एकदा मी कामावर असताना ते दार उघडून बाहेर पडले, वरच्याच पायरीवर कोसळले आणि मी येईपर्यंत तिथेच पडून राहिले. खाली गडगडले नाहीत हे नशीब. त्या संध्याकाळी मी त्यांच्या गुडघ्याला मलम लावत होते तेव्हा त्यांनीच सांगितलं, "निलू, बाहेरून कुलूप लावत जा. दार दिसलं की माझा पाय निघते."

मग कुलूप आलं. सकाळी मी डबा घेऊन बाहेर पडे, कडी घाली, कुलूप दाबून ओढून पाही. आतून आबा विचारत, "लागलं का?" मी म्हणे, "लागलं." स्वतःला कोंडून घेणारा माणूस कुलूप नीट लागलं की नाही याची चौकशी करतो, हे ऐकताना पहिल्या दिवशी मला रडू आलं. नंतर तो आमचा निरोप घेण्याचा प्रकारच होऊन बसला. लोक 'येते' म्हणतात, आम्ही 'लागलं' म्हणत होतो.

मी संरक्षण खात्याच्या एका फॅक्टरीत तपासणी विभागात होते. तयार होऊन आलेला भाग मापात आहे की नाही ते पाहायचं, नसला तर परत पाठवायचा. थोडक्यात, माझं कामच मुळी कुणावर विश्वास न ठेवण्याचं. दुसऱ्याने 'ठीक आहे' म्हटलेलं मी पुन्हा मोजणार. फॅक्टरीत मोबाइल नेता येत नाही. गेटवर जमा करायचा, टोकन घ्यायचं आणि आत जायचं. मग भोंगा होईपर्यंत बाहेरच्या जगाशी तुमचा संबंध नाही. म्हणजे आबा कुलपाआड आणि मी गेटाआड. आबांकडे निदान खिडकी होती.

सुरुवातीला मला दिवसभर आबा पडताना दिसत. डोळा मापावर आणि कानात धप्प असा आवाज. गॅस बंद केला का, पाण्याचा तांब्या डाव्या हाताला ठेवला का, गीझरचं बटण? आमच्याकडे पाळी बदलताना चार्ज देतात. जाणारा येणाऱ्याला सांगतो, हे मशीन असं आहे, काम इथवर आलंय, आता तुझ्याकडे. एका सकाळी गेटवर फोन जमा करताना मी वैतागून मनात म्हटलं, देवा, चार्ज तुझ्याकडे. यात भक्ती वगैरे काही नव्हती. पाळीवर दुसरं कुणी हजरच नव्हतं. संध्याकाळी घरी येऊन मी तो चार्ज परत घेई, तोही पुरता तपासून. आबांना कुठे खरचटलंय का, दुपारची गोळी घेतली का, पायमोजा एकच का आहे? देवाच्या कामात मी त्या काळात पुष्कळ चुका काढल्या.

पण दिवसभर आबांनी करायचं काय? पेपर वाचून व्हायचा, टीव्हीचा कंटाळा यायचा. एकदा मी सकाळी मटाराची पिशवी त्यांच्या खाटेजवळ विसरले. संध्याकाळी पाहते तर अर्ध्या शेंगा सोललेल्या, निम्मे दाणे चेंगरलेले, आणि आबा घामाघूम. "एका हातानं जमते," ते म्हणाले, "थोडी सवय पाहिजे." दुसऱ्या दिवसापासून मटार सोलणं हे आबांचं ऑफिस झालं. शेंग उशीच्या कडेशी टेकवायची, डाव्या अंगठ्याने शिवण दाबायची, मग त्याच अंगठ्याने दाणे पातेल्यात लोटायचे. संक्रांतीपर्यंत हात असा बसला की एक दाणा चेंगरेल तर शपथ. परिणामी आम्ही मटाराचं सगळं खाल्लं. उसळ, भात, करंज्या, पराठे, कढी. फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात बर्फाला जागा उरली नाही. फॅक्टरीत मी डबा उघडला की मैत्रिणी म्हणत, "नीलिमाजी, आज फिर मटर?" मी म्हणे, "हमारे घर में फॅक्टरी है." आणि संध्याकाळी पुन्हा पिशवी घेऊन जिना चढे, कारण पिशवी नेली नाही तर दुसरा दिवस आबांच्या अंगावर येई.

आता माणसांचं सांगते. कारण मी काही मुळात देवावर भार टाकणारी बाई नव्हे. मला माणसं लागतात, हाडामासाची, नाव असलेली. त्या हिवाळ्यात मी मनात कायम नावं जुळवत असे. अमुक अडचण आली तर तमुक.

पहिलं नाव दुबे भाभींचं. त्या खालच्या मजल्यावर राहत, त्यांचं दार मागच्या अंगणात उघडे. बाई मायाळू. मी दुसरी किल्ली त्यांच्याकडे दिली आणि म्हटलं, भाभी, दुपारी एकदा वर जाऊन आबांना पाहून येत जा. "अरे, ये भी कोई कहने की बात है?" काही दिवस त्या गेल्याही, गेल्या तेव्हा हलवासुद्धा घेऊन गेल्या. मग त्यांच्या मुलीचे दिवस भरले आणि त्या घाईघाईने तिच्याकडे सतन्याला निघून गेल्या. किल्ली पर्समध्ये. सांगायचं राहून गेलं. मी आपली रोज फॅक्टरीत निर्धास्त, की दुपारी भाभी वर गेल्या असतील. एकदा सहज आबांना विचारलं, भाभी आज काय म्हणाल्या? "ती कुठं येऊन राहिली," आबा म्हणाले, "मागच्या खिडकीतून दिसते ना, तिच्या दाराला आठ दिवसांपासून कुलूप आहे." म्हणजे वरही कुलूप, खालीही कुलूप. मी त्यांना विचारलं, मला सांगितलं काहून नाही? तर म्हणाले, "तू निर्धास्त होती ना. राहू दिलं."

आणि मग ते त्यांचं नेहमीचं वाक्य. "माणसाच्या भरवशावर राहू नये निलू. मैयाच्या राहावं."

मैया म्हणजे नर्मदा. पायात बळ होतं तोवर आबा दर सोमवारी ग्वारीघाटावर जात. फुलंबिलं घेत नसत, दिवा सोडत नसत. पायरीवर बसून पाण्यात पाय सोडत, आणि नावाडी 'बाबूजी, उस पार?' म्हणाले की मान हलवून नको म्हणत. घाट सुटला, मैया सुटली नाही. खिडकीतून काही ती दिसत नाही, पण आबा संध्याकाळी त्या दिशेला तोंड करून बसत आणि ओठ हलवत.

मला त्या वाक्याचा मनस्वी राग येई. आबा मैयाच्या भरवशावर, आणि मैया कुणाच्या? माझ्या! चहा मी देणार, मोजे मी चढवणार, दाढीचं पाणी मी तापवणार, रजा माझ्या संपणार आणि पुण्य मैयाच्या नावावर. भाभींच्या प्रकरणानंतर एका संध्याकाळी माझ्या तोंडून निघूनच गेलं. "आबा, तुमची मैया एक दिवस चहा करून देईल का? मी जरा पडते." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डाव्या हाताने कप उचलला, एक घोट घेतला आणि म्हणाले, "चहा छान झाला." मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली.

दुसरं नाव सतीशचं. हे नाव मी सगळ्यांत घट्ट धरून ठेवलं होतं. दिवाळीत तो फोनवर म्हणाला, "ताई, संक्रांतीला येतो, चांगला पंधरा दिवस राहतो, तू जरा मोकळी हो." मोकळी हो! तो शब्द मी गोळीसारखा चघळत राहिले. मोकळी झाले की काय काय करायचं ते ठरवलं. सदरच्या बाजारात जाऊन काही न घेता दुकानं बघायची. एक दुपार नुसती झोपायचं. संक्रांत आली, तिळाच्या वड्या झाल्या, सतीशचा फोन आला. आता माघात, नर्मदा जयंतीला नक्की. तो खोटं बोलत नसे, हे मला आजही ठामपणे सांगायचं आहे. 'येतो' म्हणताना त्याला खरंच यायचं असे. 'येतो' म्हणून झालं की त्याचं निम्मं येणं होऊन जाई, आणि उरलेलं निम्मं पुण्यात अडकून पडे.

त्यातच पोटाने उचल खाल्ली. जेवण झालं की बरगडीखालून कळ निघे, पाठीत शिरे, मी भिंतीला धरून उभी राही. आबांना कळू नये म्हणून न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसे. तपासणी झाली. पित्ताच्या पिशवीत खडे. डॉक्टरांनी साफ सांगितलं, आत्ता सूज नाही तोवर काढून टाका. सूज आली की घाईत करावं लागेल आणि धोका वाढेल. नर्मदा जयंतीनंतरचा एक दिवस दिला. आणि जाता जाता म्हणाले, "किसी को साथ लाइएगा. अटेंडेंट के बिना भर्ती नहीं करते."

म्हणजे मला दोन माणसं हवी होती. एक माझ्याजवळ बसायला, एक आबांजवळ. माझ्याकडे होतं एक, तेही पुण्यात. मी सतीशला फोन केला. "येतोच ना ताई," तो म्हणाला. "तू काहून टेन्शन घेऊन राहिली? मी आबांजवळ राहतो, स्मिता तुझ्याजवळ बसेल. तिकीट काढूनच ठेवतो." स्मिता त्याची बायको. मी त्या दिवशी रडले, आनंदाने. आबांना सांगितलं. आबा शेंग सोलत होते. "आला तर चांगलंच आहे," एवढंच म्हणाले. त्या 'तर'चाही मला राग आला.

नर्मदा जयंतीला दिवसभर दूरवरून लाउडस्पीकरवरची भजनं येत होती. रस्त्यावरून लोक ग्वारीघाटाकडे निघालेले, ऑटो भरभरून. मी खिडकीत उभी होते आणि तेव्हा फोन वाजला. "ताई, अगं..." सतीशचं वाक्य 'अगं'ने सुरू झालं की पुढचं ऐकायची गरज नसते. ऑफिसात ऑडिट, मोठ्याची परीक्षा म्हणून स्मिता निघू शकत नाही, तिला एकटीला कसं सोडू. "पुढच्या महिन्यात नाही का ठेवता येत? किंवा भाभींना सांग ना." मी म्हटलं, "हो." "रागावली नाहीस ना?" मी म्हटलं, "नाही." फोन ठेवला आणि खिडकीच्या गजांना कपाळ टेकवलं. गज गार होते. खाली सगळं शहर नदीकडे चाललेलं आणि आम्ही दोघं वर, एकमेकांना बांधलेले. मी त्यांना सोडून दवाखान्यात जाऊ शकत नव्हते, आणि गेले नाही तर एक दिवस त्यांच्यासमोर कोसळणार होते, आणि ते जिना उतरून कुणाला बोलावूही शकले नसते. श्वास कोंडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

तरी मी हार मानली नाही. सदरमध्ये एक बाई घरी आया पुरवते असं कळलं, तिच्याकडे जाऊन आले. "कल सुबह भेज दूँगी. पक्का." मी विचारलं, "पक्का?" ती म्हणाली, "एकदम पक्का, दीदी." आया ऑपरेशनच्या आदल्या दिवशी येणार, आबांची ओळख होणार, मग मी दुसऱ्या दिवशी भरती होणार. आदल्या दिवशी मी आंघोळ करून, आबांना आंघोळ घालून दाराकडे डोळे लावून बसले. आया आली नाही. बाईचा फोन बंद. शेवटी मटाराची पिशवी आबांजवळ ठेवली, कुलूप लावलं आणि फॅक्टरीत गेले, रजेचा अर्ज तरी देऊन येऊ म्हणून. आतून त्यांनी विचारलं, "लागलं का?" मी उत्तर न देता जिना उतरले.

फॅक्टरीत कळ आली, अशी की मी स्टुलावरून खाली बसले. तिथल्या दवाखान्यात इंजेक्शन दिलं, गेटचा पास करून दिला, घरी जा म्हणाले. भर दुपारी मी घरी आले. त्या वेळी मी कधी घरी येत नसे. गल्ली सुस्त, उन्हाला पिवळी ऊब, कुणाकडे तरी कुकरची शिट्टी. पोट धरून हळूहळू जिना चढले आणि कुलपाला हात घालणार तोच आतून आबांचा आवाज आला. मला वाटलं, कुणी आलंय का? पण कुलूप तर बाहेरून होतं.

आबा बोलत होते. जड जिभेने, थांबत थांबत, अगदी समोर कुणी बसलेलं असावं तसं.

"मैया, मी पोरीच्या भरवशावर राहून राहिलो. हे बरोबर नाही. सकाळी ती जाते की माझा जीव जाते, संध्याकाळी कुलूप वाजलं की परत येते. दिवसभर त्या दाराकडेच पाहतो मी. तुझ्याकडे पाहायला पाहिजे, तर कुलपाकडे पाहतो. तिला म्हणतो माणसाच्या भरवशावर राहू नको, आणि मीच... सोडव मला यातून. तिच्यावर नको ठेवू माझा भार. ती थकून गेली आहे."

मग एक शेंग फुटल्याचा आवाज. मग पुन्हा, "सोडव, मैया."

मी किल्ली हातात घेऊन जिन्यात बसून राहिले. माणसाच्या भरवशाचं ते वाक्य माझ्यासाठी नव्हतंच कधी. मी हिवाळाभर समजत होते की हा म्हातारा मला उपदेश करतोय, माझ्या जिवावर चहा पिऊन मला वैराग्य शिकवतोय. आणि ते स्वतःला सांगत होते. रोज, कुलपाआड, लहान पोराने पाढा म्हणावा तसे. त्यांना सतीशचा भरवसा नव्हताच, भाभींचाही नव्हता. नसलेला भरवसा सोडायला काय लागतं? त्यांच्याकडे एकच माणूस होतं आणि तेवढंच त्यांना सुटत नव्हतं. मला आबांचं फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त माया आली.

हे लिहिताना सतीशचा फोन येऊन गेला. हल्ली तो बऱ्याचदा करतो. "ताई, मटार आला का गं? मी येतो खायला." मी म्हणते, ये. पूर्वी त्याचं 'येतो' मी लगेच कुठल्या तरी दिवसावर टांगून ठेवायचे आणि मग तो दिवस माझ्या मानेवर बसायचा. आता त्याचं 'येतो' ऐकायला नुसतं गोड लागतं. आला तर मी करंज्या करते, नाही आला तर मी करंज्या खाते. भाभींवरही माझा राग नाही. त्यांच्या नातीच्या बारशाला जाऊन मी झबलं देऊन आले, किल्लीचं नावही काढलं नाही. माणसांना टेकून उभं राहणं सोडलं की ती माणसं निदान दिसायला तरी लागतात. हे मला कुणी समजावून सांगितलं असतं तर मी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला असता.

त्या दुपारी मी कुलूप काढून आत गेले. आबा दचकले. "लवकर आली? काहून?"

"पोट दुखून राहिलं."

ते खाटेवर जरा सरकले, पातेलं बाजूला केलं. मी त्यांच्या शेजारी आडवी झाले. त्यांचा डावा हात माझ्या डोक्यावर होता, मटाराचा वास येत होता.

"आबा, उद्या माझ्यासोबत दवाखान्यात चला."

"मी? मी काय करणार तिथं?"

"अटेंडंट. खोलीत दुसरी एक कॉट असते अटेंडंटसाठी."

त्यांनी खिडकीकडे पाहिलं. मला वाटलं, नाही म्हणतील. कसा उतरू, कसा बसू, लोक काय म्हणतील. हे सगळे प्रश्न माझ्याकडेही होते आणि एकाचंही उत्तर नव्हतं. कोण उचलणार, कोण संडासाला नेणार, मी बेशुद्ध असताना त्यांना काही झालं तर. मी एकही प्रश्न सोडवला नाही. थकले होते म्हणा, किंवा त्या जिन्यात काहीतरी हातातून निसटलं होतं म्हणा.

"माझा कोट काढ," आबा म्हणाले. "काळा."

सकाळी धुकं होतं. ऑटोवाला खाली उभा. आबा जिना बसून उतरले, एकेक पायरी, काठी मांडीवर आडवी, मी पुढे उलट्या तोंडाने उतरत. मध्ये एकदा थांबले तेव्हा मला वाटलं दमले, तर म्हणाले, "या भिंतीला चुना द्यायला झाला." खाली रस्त्यावर आले आणि धुक्यात तसेच उभे राहिले. मटाराची गाडी चालली होती. काठीने गाडीवाल्याला थांबवून, शेंग हातात घेऊन, दाबून पाहून त्यांनी परत टाकली. "बासी है." गाडीवाला भांडायला लागला. मी आबांना कसंबसं ऑटोत बसवलं. त्यांचे डोळे लकाकत होते.

दवाखान्यात भरतीच्या खिडकीवरच्या माणसाने विचारलं, "साथ में कौन है?"

"पिताजी."

त्याने काचेतून आबांकडे पाहिलं. काळा कोट, मफलर, लुळा हात, काठी. "मैडम, ये तो खुद..." आबा काठी टेकत खिडकीशी आले. आयुष्यभर ते असल्याच खिडकीच्या पलीकडे बसले होते. "दस्तखत कहाँ करना है?" त्यांनी विचारलं. डाव्या हाताने, अक्षर अक्षर लावून, कागदाची कड कोपराने दाबून त्यांनी सही केली. वाकडी, पण पूर्ण. रुग्णाशी नातं, या जागी 'पिता' लिहिलं. मी बाजूला उभी राहून पाहत होते. घरात एवढे दिवस ज्यांना मी भरवत होते, ते माझी जबाबदारी घेत होते, आणि त्यांचा चेहरा किती वर्षांनी वडिलांसारखा दिसत होता.

ऑपरेशनसाठी मला नेलं तेव्हा वॉर्डबॉयने आबांनाही चाकाच्या खुर्चीत बसवून दारापर्यंत आणलं. माझं घड्याळ, बांगडी, चष्मा सगळं त्यांच्या मांडीवर. नर्सने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे वाकली.

"दीदी, आपके अंदर जाने के बाद इन बाबाजी को कौन देखेगा?"

हिवाळाभर हाच प्रश्न मला पडत होता आणि दर वेळी मी कुणाचं तरी नाव पुढे करत आले होते. सतीश. भाभी. सदरची बाई. मी तोंड उघडलं, पण आत नाव नव्हतं. चष्म्याशिवाय मला आबांचा चेहराही नीट दिसत नव्हता. भीती वाटत होती, खूप वाटत होती. रिकाम्या कॉरिडॉरमध्ये हा लुळा माणूस, आणि मी त्याला सोडून चाललेली.

उत्तर आबांनी दिलं. जीभ जड होती, आवाज मात्र तिकीट खिडकीवरचा.

"जिसको देखना है, वो देखेगा. आप मेरी बेटी को देखो."

स्ट्रेचर आत गेलं. दार लागलं. बाहेर आबा एकटे, आत मी एकटी. त्या हिवाळ्यात पहिल्यांदाच मी कुणाची वाट पाहत नव्हते.